रंजूच्या कांजिण्या

"हो, येऊन गेल्यात ना," कुमुद म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवून पुढचं औषध लिहायला घेतलं. मुलीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. असल्या प्रश्नाला आई थांबत नाही. पहिला दात कधी आला, पहिलं पाऊल कुठे टाकलं, गोवर, गालफुगी, कांजिण्या, हे सगळं आईच्या जिभेवर असतं असं जग धरून चालतं, आणि कुमुदनेही तसंच धरून उत्तर दिलं. उजव्या बरगडीखाली तापलेल्या तारेसारखी एक ओळ पेटली होती. ब्लाउजचं कापड घासलं तरी जीव कळवळत होता, घरी जाऊन कधी एकदा आडवी होते असं झालं होतं. चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली, चपला घातल्या, जिन्याच्या वळणापर्यंत उतरली, आणि तिथे तिचा हात कठड्यावरच राहिला. कधी आल्या होत्या? तिने रंजूचं लहानपणचं अंग डोळ्यांसमोर आणलं. न्हाऊ घातलेलं, पावडर लावलेलं, उघडंनागडं चाळीच्या गॅलरीतून पळत सुटलेलं. पाठ स्वच्छ, पोट स्वच्छ. कुठे एक फोड नाही, डाग नाही. तिने अजून मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन पाहिलं. कुठल्या खाटेवर निजवलं होतं, कोण उशाशी बसलं होतं, शाळा बुडली होती का, काहीच नाही. आपण 'हो' म्हणालो ते आठवून नव्हे, आई होतो म्हणून, हे तिला त्या वळणावर लख्ख कळलं. खाली पनवेलच्या बाजारातल्या रिक्षा एकमेकींना वाट देत नव्हत्या, आणि त्यांचे हॉर्न जिन्यात घुमत होते.

बाईंनी सांगितलेलं सगळं आता पुन्हा, सावकाश तिच्या कानांत येऊ लागलं. ही नागीण आहे, त्या म्हणाल्या होत्या. कोळी अंगावरून गेला म्हणतात तसलं काही नाही, उष्णताही नाही. लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असतील. त्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगातून जात नाही, मणक्यापाशी नसांच्या मुळांत निजून राहतो, आणि वय उतरणीला लागलं, अंगातला जोर कमी झाला, की एखादी नस धरून वर येतो. माणूस त्याने मरत नाही, पण छळतो. मग त्यांनी घरात कोण कोण असतं ते विचारलं, आणि कुमुदने जरा अभिमानानेच सांगितलं की एरवी मी एकटी, पण सध्या मुलगी आलीय ठाण्याहून, पाचवा चालू आहे तिला, विश्रांतीला आणलंय. बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्या फोडांना तिचा हात लागला आहे का? लागला म्हणजे काय, कुमुद हसत म्हणाली होती, कालच संध्याकाळी तिनेच बोटाने लोशन लावलं, आई, तुझ्या अंगावरून कोळीच गेलाय म्हणत. त्यावर तो प्रश्न आला होता. नागिणीची नागीण कुणाला लागत नाही, पण फोडातलं पाणी ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला लागलं तर कांजिण्या होतात, आणि पोटुशीला त्या होणं बरं नव्हे. तिलाही, आणि पोटातल्यालाही.

ती परत जिना चढली. काउंटरवरच्या मुलीने मान वर करून काही विसरलात का म्हणून विचारलं. "हो," कुमुद म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. आत दुसरा पेशंट बसला होता. तिने दारातूनच सांगितलं की मघाशी मी हो म्हणाले, पण मला आठवत नाहीये. तो पेशंट, पायाला पट्टी बांधलेला एक म्हातारा, तिच्याकडे असा पाहू लागला, जणू ती मुलीचं नावच विसरून आली होती. बाई मात्र रागावल्या नाहीत. खूप जणींना नक्की सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. मुलीचं रक्त तपासायला देऊ. अंगाने एकदा तो आजार पाहिला असेल तर रक्तात त्याची खूण राहते. पण रक्त मुंबईला पाठवावं लागतं, उत्तर यायला वेळ लागतो. आणि झालेल्या नसतील तर द्यायचं इंजेक्शन लवकर दिलं तरच उपयोगाचं, तेही मुंबईहूनच मागवायचं. तोवर कुणाला विचारून नक्की कळलं तर फार बरं. कुणाला विचारू, असं कुमुदच्या ओठांवर आलं होतं. नवऱ्याला, अवधूतला, जाऊन सात वर्षं झाली होती. त्या लहान अंगाचे साक्षीदार दोघेच, त्यातला एक गेला, आणि उरली ती ही अशी.

करंजाड्याला घरी आली तेव्हा रंजिता टीपॉयवर पाय ठेवून टीव्ही बघत होती. कुमुद उंबऱ्यातच थांबली आणि तिथूनच सगळं सांगितलं, शब्द मोजूनमापून, जसं टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत वाईट बातमीचा ट्रंक कॉल जोडताना बोलायची तसं. रंजूने टीव्ही बंद केला. उठली, बेसिनपाशी गेली आणि हात धुवायला लागली. काल संध्याकाळी लावलेलं लोशन. त्यानंतर तिने भात कालवला होता, वेणी घातली होती, झोपताना पोटावर हात ठेवला असेल. तरी ती साबण लावून बोटांच्या बेचक्या धूत होती, नळ चालू ठेवून, बराच वेळ. मग हात पुसत म्हणाली, "आई, तुला खरंच आठवत नाही?" त्यात राग असता तर कुमुदला तो परवडला असता. राग नव्हता, नुसतं नवल होतं. संध्याकाळी लॅबचा माणूस येऊन रक्त घेऊन गेला. जावयाचा फोन आला, तो समजुतीने बोलला, पण मध्येमध्ये गप्प होत होता. तळमजल्यावरच्या सोनाबाई बातमी लागताच वर आल्या आणि म्हणाल्या की नेऱ्याला एक जण गेरू लावून नागीण उतरवतो, तोंड आणि शेपूट भेटायच्या आत जायला हवं. कुमुदने बरं म्हटलं. वेढा पुरा होतो की नाही याची तिला या क्षणी काडीइतकी पर्वा नव्हती.

ती आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून राहिली. रंजू बाहेर, मध्ये दार लोटलेलं. कळ येई तेव्हा पाठीकडून पोटाकडे यायची, कुणी आतून जळती काडी ओढत न्यावी तशी, आणि गेली की पुन्हा येण्याचीच भीती वाटायची. सात-आठ वर्षांची असताना झालेलं ते हेच होतं तर. इतकी वर्षं आतच होतं. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न केलं, बाळंत झाली, नवऱ्याला खांद्यावरून नेताना पाहिलं, आणि त्या सगळ्या वेळी हे पाठीच्या कण्याला टेकून निजलेलं होतं. नवल म्हणजे स्वतःच्या कांजिण्या तिला बारीकसारीक तपशिलासह आठवत होत्या. उरणकडचं घर, खाडीच्या बाजूची खोली, बाहेर मिठागरांचा पांढरा उजेड इतका की डोळे मिटले तरी पापण्या लाल व्हायच्या. गोधडीखाली कडुलिंबाचा पाला. आई, भामा, मिठावर जायची. रोज पहाटे फावडं घेऊन निघणारी ती बाई तेव्हा घरी बसली होती. मुकादम दारात येऊन बडबडून गेला, तरी नाही उठली. घरात फोडणी नाही, चपलांचा आवाज नाही, मोठ्याने बोलणं नाही. लिंबाची डहाळी अंगावरून फिरवत ती म्हणायची, "खाजवू नको गो बाय, नको. आलीय तशी जाईल. मी हाय इथं." मिठाने चिरलेले तिचे तळवे खरखरीत होते, आणि ते अंगाला लागले की खाजेला बरं वाटायचं. अंगठाबहाद्दर बाई. आणि तिची लेक, मॅट्रिक झालेली, सरकारी नोकरी केलेली, पनवेलमधल्या निम्म्या पेढ्यांचे जुने फोन नंबर आजही झोपेत सांगेल अशी, ती इथे पडून आपल्या मुलीच्या अंगावर फोड शोधत होती आणि तिला सापडत नव्हते.

मध्ये एकदा सापडलेही. पाला, गोधडी, त्यावर वळवळणारं काळंसावळं अंग, पायांत चांदीचे वाळे. ती धडपडून उठून बसली. मग तिच्या ध्यानात आलं की रंजूला वाळे कधी घातलेच नव्हते; ते वाळे आपलेच. ती पुन्हा आडवी झाली. पण उठण्याच्या त्या धक्क्याने म्हणा, दुसरंच काही हललं. एक आवाज आला, अवधूतचा, तारेतून आलेला, खरखरणारा. नागपूर. खात्याचं ट्रेनिंग, सुपरवायझरच्या जागेसाठीचं, रंजू तीन वर्षांची असताना. जाऊ की नको, जाऊ की नको करत शेवटी अवधूतनेच तिला गाडीत बसवलं होतं. तो रसायनीच्या कारखान्यात, दिवसभर बाहेर. मुलगी शेजारी दिलशादभाभींकडे. दर रविवारी संध्याकाळी तो रंजूला घेऊन पनवेलच्या एक्स्चेंजमध्ये यायचा, मैत्रिणी लाइन जोडून द्यायच्या, आणि रंजू फोनमध्ये नुसता श्वास सोडायची. बोलायची नाही, श्वास ऐकू यायचा. तेवढ्या श्वासावर कुमुदचा आठवडा निघायचा. आणि एका रविवारी तो श्वास आला नाही. रंजू झोपलीय, अवधूत म्हणाला. पुढच्या रविवारीही झोपलीच होती. संध्याकाळी? तिने विचारलं होतं. हो, खेळून दमते, सगळं ठीक आहे, तू तुझं बघ. आणि तिने तिचं बघितलं होतं. परीक्षा होती, रात्री वसतिगृहात दिवा लावून पाठांतर करायची, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला फार हलकं वाटत असे, लग्नाआधी वाटायचं तसं. परत आली तेव्हा रंजू जराशी वाळलेली दिसली. घामोळ्या झाल्या होत्या उन्हाळ्याने, अवधूत म्हणाला. तिने मुलीला उचललं, आणि मुलीने तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं होतं.

सकाळी ती तयार झाली. फोडांवर कापसाची घडी, वर सुती पट्टी, त्यावर जुना सैल ब्लाउज. झाकलेलं असलं की कुणाला धोका नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. रंजूला म्हणाली, भाजी घेऊन येते. खरं कारण सांगितलं नाही, कारण तिथूनही काही निघालं नाही तर काय, हा विचार तिने करून ठेवला होता. दिलशादभाभी मोहल्ल्यात राहत होत्या, त्यांच्या नवऱ्याने, बद्रुद्दीनभाईंनी, कुवेतच्या कमाईवर बांधलेल्या घरात. करंजाड्याहून रिक्षाने कितीसं अंतर. पण अवधूत गेला तेव्हा त्या येऊन बसल्या होत्या, त्यानंतर ना त्या आल्या ना ही गेली. भांडण नाही, तंटा नाही. चाळ सुटली, मुलं मोठी झाली, ईदचा शिरखुर्मा आधी डब्यातून यायचा, मग फोनवर मुबारकबाद, मग तेही नाही. ज्या बाईच्या मांडीवर आपली मुलगी वाढली तिच्या दारात आता गरज पडली म्हणून उभं राहायचं, याची तिला रिक्षात बसल्या बसल्या लाज वाटली, आणि खड्ड्यागणिक कळ आली तेव्हा लाजेपेक्षा ती कळ बरी वाटली.

दार सुनेने उघडलं, जिक्राने. कुमुदने आत पाऊल टाकण्याआधी विचारलं की घरात कुणी पोटुशी आहे का, तान्हं मूल आहे का. ती पोर गोंधळली, नाही म्हणाली, आणि आतून आवाज आला, "कोण आहे गं? कुमुद हाय काय?" चेहरा दिसायच्या आत, नुसत्या आवाजावरून. दिलशादभाभी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघे सुजलेले, केस मेंदीने केशरी. त्यांनी कुमुदला जवळ ओढलं तशी ती कळवळली, आणि मग सगळंच सांगावं लागलं, नागिणीपासून सुरुवात करून. मग तिने विचारलं. भाभी, रंजूला कधी, तुमच्याकडे असताना, अंगावर काही...

"कांजिण्या?" भाभी म्हणाल्या. "अगं, आलेल्या की. तू नागपूरला होतीस तवा. अंगभर आलेल्या. तिच्या मागून माझ्या ओवेसला आल्या, ओवेसच्या मागून खालच्या दोघा पोरांना. सगळी चाळ कडुलिंब आणत होती. नाक्यावरच्या डॉक्टरला मी स्वतः घेऊन आले, तो म्हणाला कांजिण्याच. मी कशी विसरेन?"

कुमुद पलंगाच्या कडेवर बसली. भाभी बोलत राहिल्या, आणि त्यांच्या बोलण्यातून ते अंग, जे रात्रभर स्वच्छ राहिलं होतं, हळूहळू फोडांनी भरत गेलं. आधी पोटावर, मग पाठीवर, मग केसांत, टाळूपर्यंत. केसांतल्या फोडांमुळे विंचरताना त्रास व्हायचा म्हणून भाभींनी तिचे केस कातरले होते. डाव्या कानामागची एक खपली तिने नखाने काढलीच, तिथे खड्डा राहिला. कुमुदला तो खड्डा माहीत होता. वर्षानुवर्षं तेल लावताना बोट त्यात जायचं, आणि जन्मापासूनच आहे असं ती स्वतःच ठरवून बसली होती. घामोळ्या म्हणाले होते रंजूचे बाबा, ती पुटपुटली. भाभी हसल्या. त्यांनीच मना केलं होतं, म्हणाल्या. दारात उभे राहून हात जोडले माझ्यापुढे. म्हणाले, भाभी, तिला कळलं तर उद्याच्या गाडीने येईल, आणि एकदा आली की पुन्हा जायची नाही. तिला साहेब होऊ दे. आल्यावर सांगू. आणि आल्यावर तू इतकी खूश होतीस, मग कोण सांगतो. रोज रात्री कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे आणि आमच्या दारात पाट टाकून बसायचे, पोरीला पंखा घालत. मी म्हणायचे, अवधूतभाई, जेवून या. तर म्हणायचे, भूक नाही.

तो बसलेला कुमुदला दिसला. पाटावर, गुडघ्याभोवती एक हात, दुसऱ्या हातात विणलेला पंखा, आणि डोळ्यांवर झोप. आपला नवरा सात वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याच्याविषयी कळायचं ते सगळं कळून झालं असं तिने मानलं होतं, आणि इथे, या अनोळखी घरात, तो एक नवी गोष्ट करत बसला होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही असता, पण त्याच्याआधी दुसरंच काही आलं. कालपासून छातीत धरून ठेवलेला श्वास सुटला, इतका मोठ्याने की जिक्रा पाणी घेऊन धावत आली. भाभींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, डाव्या बाजूला, आठवणीने.

पाणी पिऊन झाल्यावर तिने एक प्रश्न विचारला, जो विचारायचा असं ठरवून ती आली नव्हती. फार रडली का हो ती? माझ्यासाठी? भाभींनी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणं त्यांना सोपं गेलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "अल्लाची कसम, नाही रडली. मला अम्मी म्हणायला लागलेली, ओवेसचं ऐकून. माझी ओढणी मुठीत धरून निजायची. तू आलीस आणि दोन दिवसांत मला विसरली बघ."

परतीच्या रिक्षात कुमुदने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, इतरांनाही झाल्या आणि डॉक्टरने पाहिल्या म्हणजे शंकेला फार जागा नाही. तरी रक्ताचं उत्तर येऊ दे, पण आता झोपा. मग तिने भाजी घेतली, कारण भाजी घ्यायला म्हणून निघाली होती. मेथी, गाजरं, आणि रंजूला आवडतात म्हणून हिरवे वाटाणे, आणि भाजीवालीशी कारण नसताना दोन शब्द बोलली. घरी येऊन सांगितलं तेव्हा रंजू स्वयंपाकघरात उभी होती. तिने आधी कानामागे बोट घालून खड्डा चाचपला, मग हसायला लागली, मग हसता हसता खाली बसली आणि पदर नव्हता म्हणून टॉवेलाने डोळे पुसले. रक्ताचं उत्तर यथावकाश आलं. होती, खूण होती, भरपूर होती. जावई फोनवर इतका बोलला की रंजूला त्याला थांबवावं लागलं. सोनाबाईंनी हा नेऱ्याच्या माणसाच्या नावाने केलेल्या नवसाचा गुण मानला, आणि कुमुदने तेही मानू दिलं.

फोड काळे पडून सुकत चालले होते. कळ जायला वेळ लागेल, कदाचित महिने, असं बाईंनी बजावलं होतं, आणि नागीण आतच आहे, पुन्हाही निजून राहील, हेही. कुमुदला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. अंगात एवढं काही निजलेलं असताना माणूस जगतोच की. मधलं दार आता उघडं असायचं. अशाच एका संध्याकाळी रंजू दिवाणावर पडली होती, कुमुद पलीकडे वाटाणे सोलत होती.

"आई, मी तेव्हा खूप रडले असेन ना? तू नव्हतीस म्हणून?"

कुमुदच्या हातातली शेंग अर्धी उघडली होती. हो म्हणणं तोंडात तयार होतं, असल्या प्रश्नाला आई थांबत नाही. ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. दिलशादभाभींना अम्मी म्हणायचीस."

रंजूने मान वळवून पाहिलं, आईला लागलं असेल का ते बघायला. कुमुदलाही तेच बघायचं होतं. तिने आत शोधून पाहिलं. कुठेतरी बारीकसं खुपलं, पण दुखलं नाही.

"परक्याच्या घरी मूल रडतं, रंजू," ती म्हणाली, आणि शेंगेतले दाणे ताटात पाडले.